हाताला न लागणारं पुस्तक

अंध मुलांच्या त्या शाळेत तिचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं होतं. बाकी सगळे तिला ठिपकेबाई म्हणत. नाव मुलांनी ठेवलेलं, पण ते मुख्याध्यापकांच्याही तोंडी इतकं बसलं होतं की एकदा त्यांनी रजेच्या अर्जावर चक्क 'श्रीमती ठिपके' असं लिहिलं. तिने ते खोडलं नाही. कामच तसं होतं. छापील पुस्तक डावीकडे उघडून ठेवायचं, समोर सहा कळांचं यंत्र घ्यायचं आणि कळा दाबत जाड कागदावर उठावाचे ठिपके काढायचे. डोळसांचं एक पान उतरवायला असली तीन-चार पानं जात.

बावीस वर्षं तिने गोष्टी, इतिहास आणि व्याकरण उतरवलं. विज्ञान कोणी मागतच नसे. वरच्या वर्गात पोचेपर्यंत मुलांना इतक्या जणांनी "तुला ते कसं जमणार" असं ऐकवलेलं असे, की ती आपणहूनच दुसरीकडे वळत.

मग ती पोरगी आली. शिंप्याची मुलगी, सतरा वर्षांची, बोलायला थोडी फटकळ. तिला भौतिकशास्त्र घेऊन विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसायचं होतं. तिने ठिपकेबाईच्या खोलीत येऊन पुस्तक मागितलं. नाही म्हटल्यावर ती हलली नाही. तिथेच बाकावर बसून म्हणाली, "नाही म्हणजे कधीच नाही, की अजून नाही?"

ठिपकेबाईला हसू आलं, आणि त्या हसण्यातच ती अडकली.

पुस्तक चौदा प्रकरणांचं. शाळेत नुकतंच ठिपके छापणारं एक यंत्र आलं होतं, पण ते गोष्टी-कविता तेवढ्या नीट छापी. समीकरण आलं की वाट्टेल ते ठिपके उमटवी. मोबाइलवर वाचून आवाज भरून द्यावा, तर पोरगी म्हणाली की समीकरण कानाने ऐकलं की अर्ध्यातच निसटतं, ते बोटाखालीच लागतं. म्हणजे सगळं हातानेच करायचं. आकृत्यांसाठी ठिपकेबाई गोंदाने दोरा चिकटवी आणि तुटक रेघेसाठी शिंप्याची काटेरी चकरी कागदावर फिरवी. ती चकरी पोरीच्या वडिलांनी दिली होती. चुंबकत्वाचं प्रकरण आलं तेव्हा ठिपकेबाईचा नवरा उपयोगी पडला. त्याचं जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. त्याने एक अख्खं वेटोळं आणून पोरीच्या हातात दिलं आणि वीज इथून शिरते, इथून निघते, असं बोट धरून दाखवलं. "आमच्या हिला बावीस वर्षांत हे कळलं नाही," असंही वर म्हणाला. पोरगी म्हणाली, "काका, तुम्ही बाईंना वेटोळं हातात कधी दिलंत?"

साडेसात महिने लागले. अकरा जाडजूड खंड झाले. प्रत्येक प्रकरण झालं की पोरगी ते बोटांनी तपासून चुका सांगे, कारण ठिपकेबाईला ठिपके डोळ्यांनीच वाचता येत. बोटांनी कधी शिकलीच नव्हती. प्रवेश परीक्षेला एक्कावन्न दिवस राहिले तेव्हा शाळेला आठ दिवसांची सुट्टी लागली आणि त्या सुट्टीत इमारतीला रंग द्यायचं निघालं.

असली पुस्तकं उभी ठेवायची असतात, त्यांच्यावर काही ठेवायचं नसतं. हे ठिपकेबाईने शिपायाला सांगितलं होतं. शिपायाने रंगाऱ्यांना सांगितलंही असेल. पण सुट्टीनंतर ती खोलीत शिरली तेव्हा कपाट भिंतीपासून ओढलेलं होतं, आणि जमिनीवर खंडांची आडवी चळत लावून तिच्यावर रंगाचे भरलेले डबे आणि दोन लाकडी बाकं रचलेली होती. शिडी टेकवायलाही तीच चळत वापरली होती.

तिने डबे उतरवले, बाकं ओढली, पहिला खंड उघडला. पानांवर ठिपके दिसत होते. खिडकीच्या उजेडात तिने एक ओळ वाचून पाहिली, मग दुसरी. सगळं वाचता येत होतं. तिच्या जिवात जीव आला. मुख्याध्यापकही येऊन गेले, दोन पानं उलटून म्हणाले, "दिसायला तर सगळं ठीक आहे की."

मधल्या सुट्टीत पोरगी आली. ठिपकेबाईने तिच्यासमोर तिसरा खंड ठेवला. पोरीने ओळीवर बोटं ठेवली, पुढे नेली, परत मागे आणली. दुसऱ्या ओळीवर नेली. पान उलटलं. तिच्या कपाळाला आठी पडली आणि तिथेच राहिली.

"इथे काही नाहीये, बाई."

"अगं आहे की. मी आत्ताच वाचलं. 'घर्षणबल म्हणजे' इथपासून सुरू होतं."

"तुम्हाला दिसत असेल. हाताला काहीच लागत नाही."

ठिपकेबाईने स्वतःचं बोट त्या ओळीवर फिरवलं. कागद गुळगुळीत होता. तिच्या डोळ्यांना दिसत होत्या त्या दबलेल्या ठिपक्यांच्या नुसत्या सावल्या. अकरापैकी चार खंड कपाटातच राहिल्यामुळे वाचले होते. चळतीतल्या सात खंडांत नऊ प्रकरणं होती, ती सपाट झाली होती. दोऱ्याच्या आकृत्या तर चिरडून त्यांच्या गुंतवळी झाल्या होत्या.

ती मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांनी मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं, शिपायाला बोलावून झापलं आणि पोरीने यंदा परीक्षा पुढे ढकलावी असं सुचवलं. पण पुढच्या वर्षी पोरगी वयाने शाळेतून बाहेर पडणार होती. मग तिला ना यंत्र मिळालं असतं, ना ठिपकेबाई. रंगारी तोवर दुसऱ्या कामावर गेले होते. भांडायचं कोणाशी?

त्रेचाळीस दिवस हातात होते. ठिपकेबाई रोज शाळा भरायच्या दोन तास आधी येऊ लागली, रविवारीही. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की या चालीने चार प्रकरणंही व्हायची नाहीत. तेव्हा पोरगीच म्हणाली, "तुम्ही बोला, मी लिहिते. माझी बोटं तुमच्यापेक्षा जलद आहेत." ते खरंच होतं. शाळेतलं दुसरं यंत्र पोरीने पुढ्यात घेतलं. ठिपकेबाई छापील पुस्तक वाचून सांगे, आकृती असली की तिच्या तळहातावर काडीने काढून दाखवी, आणि पोरगी आपलं पुस्तक आपणच उतरवून घेई. तिचे वडील तिला पहाटेच आणून सोडत आणि बाहेरच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकांच्या कपड्यांना काजं करत. आत काय चाललंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. एकदाच दारातून म्हणाले, "होईल ना बाई?" ठिपकेबाई "होईल" म्हणाली आणि ते म्हणताना तिला स्वतःचाच राग आला.

एकोणीस दिवस उरले तेव्हा पाच प्रकरणं बाकी होती. ठिपकेबाईने हिशेब मांडला. तीन झाली तर झाली. दोन सोडावीच लागणार होती; त्यांच्यासाठी पोरीने पूर्वी तपासताना एकदा वाचलं होतं तेवढंच. प्रकाशाच्या दोन प्रकरणांत मिळून अडतीस आकृत्या होत्या. तेवढ्या वेळात बाकीची तिन्ही झाली असती. तिने ते पोरीला सांगितलं.

पोरगी म्हणाली, "आंधळी आहे म्हणून प्रकाश सोडायचा?"

"आकृत्या आहेत म्हणून. दुसरं काही नाही."

"सगळ्यांनी हेच सांगितलं होतं मला. प्रकाश सोड म्हणून. तुम्ही एकट्याच तसं म्हणाला नव्हतात."

मग ती यंत्राकडे वळली, नवा कागद चढवला आणि म्हणाली, "चला. उष्णतेपासून."

परीक्षेच्या दिवशी ठिपकेबाई रजा टाकून केंद्राबाहेर उभी राहिली. पोरीला एक लेखनिक मिळाला होता, जो प्रश्न वाचून दाखवणार आणि ती सांगेल ते लिहिणार. तीन तासांनी पोरगी वडिलांचा हात धरून बाहेर आली. ठिपकेबाईने विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं की प्रकाशावर तीन प्रश्न होते, चौदा गुणांचे. एकात आकृती होती आणि लेखनिकाला तिचं वर्णनच करता येईना. "भिंगासारखं काहीतरी आहे," एवढंच तो तीन वेळा म्हणाला.

निकाल लागला. प्रवेशाला लागत होते त्याहून नऊ गुण कमी. ठिपकेबाईने कागदावर चौदातून नऊ वजा केले आणि तो कागद बराच वेळ तसाच समोर ठेवून बसली. घरी नवरा म्हणाला की तू नसतीस तर पोरगी परीक्षेलाही बसली नसती. तिने ते ऐकलं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. दोन दिवस ती जेवली ती ताटात वाढलेलं न बघताच.

पोरगी दोषाचा एक शब्द बोलली नाही, आणि तेच ठिपकेबाईला जास्त लागलं. शाळेचा दाखला न्यायला आली तेव्हा तिने सांगितलं की ती इतिहास घेतेय, प्रवेश मिळालाय. पुन्हा परीक्षेला बसणार का, असं ठिपकेबाईने चाचरत विचारलं.

"नाही बाई. दमले मी."

ठिपकेबाईने मान हलवली, मग पोरीला ते दिसणार नाही हे लक्षात येऊन तोंडाने "बरं" म्हणाली.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असताना ठिपकेबाई रोज किल्ली मागून घेऊन येत राहिली. कोणी सांगितलं नव्हतं, मागणारंही कोणी नव्हतं. तिने प्रकाशाची दोन्ही प्रकरणं यंत्रावर उतरवली. अडतीस आकृत्यांसाठी दोरा, गोंद, चकरी. बोटांची सालं निघाली. झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे तपासायला कोणीच नाही. शाळेतल्या एकाही मुलाला त्यातलं काही कळत नव्हतं. चार दिवस तिने कळ काढली. मग फोन केला.

पोरगी आली. दारात उभी राहून म्हणाली की तिला अर्धाच तास आहे. मग बाकावर बसली आणि दोन्ही हातांनी वाचू लागली. अर्धा तास उलटला, तास उलटला. ठिपकेबाई खिडकीशी उभी होती. वाचता वाचता पोरगी एका आकृतीशी थांबली, तिचं बोट दोऱ्यावरून दोनदा गेलं.

"हे बहिर्गोल भिंग आहे ना?"

"हो."

"मग किरण बाहेर कशाला चाललाय? आत वळायला पाहिजे."

ठिपकेबाईने छापील पुस्तक उघडून पाहिलं. पोरीचं बरोबर होतं. तिने गोंदाची बाटली आणि दोऱ्याचं रीळ टेबलावर घेतलं, चुकलेला दोरा नखाने उकलायला लागली, आणि पोरगी पुढच्या पानावर गेली.