मृत्युपत्रात नसलेलं नाव

बाबांनी मृत्युपत्र करावं, हा आग्रह माझाच होता. काकांच्या माघारी त्यांच्या पोरांचं भांडण कोर्टात गेलं आणि शेत पडीक राहिलं, हे मी पाहिलं होतं. घरातली पहिली पदवीधर मी. गप्प बसणं जमत नव्हतं. पण आमच्या एकोडीत लेकीनं जमिनीची गोष्ट काढली, की ती हिस्सा मागायला आली असंच समजतात. म्हणून मी आधीच सांगून टाकलं, "बाबा, मले काही नको. घर तेवढं आईच्या नावानं लिहून द्या."

"तिले कायले? तिले दोन पोरं हायेत ना."

"हायेत, म्हणूनच मी सांगून राहिली."

बाबा हसले. "तुले बी.ए. शिकवून चूकच केली."

आई चुलीपुढून म्हणाली, "लिहू दे वो बाई त्याईले. मी का घर डोक्यावर घेऊन जाणार हावो?"

साकोलीला जाऊन बाबांनी मृत्युपत्र नोंदवलं. घर, शेत, सगळं दोन्ही भावांच्या नावानं.

बाबा गेले. कोणालाही कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. भावांनी घर विकलं आणि आपापली वेगळी घरं बांधली. आई एक महिना एकाकडे राहते, एक महिना दुसऱ्याकडे. महिना संपत आला, की आपली पिशवी आपणच भरून ठेवते.

मागच्या भाऊबीजेला मी गेले, तर मला चहा विचारण्याआधी तिनं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.