दाखवायचं घर

जयसिंगला कंपनीत सगळे 'ए जयसिंग' म्हणत. फोरमन म्हणायचा ते ठीक, पण काल भरती झालेली पोरंही तसंच म्हणायची. चाकणकडच्या त्याच्या गावी तो तीन भावांतला मधला. वाटणीची बोलणी थोरल्याने आणि धाकट्याने केली, याला तेवढं सही करायला बोलावलं. पुढे त्याने पिंपळे गुरवात जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या, वर सिमेंटचे पत्रे टाकले. आळीत कुणी कौतुक केलं नाही, कारण आळीत सगळ्यांची घरं तशीच होती.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्याने कंपनीतल्या पेंटरकडून एक पाटी रंगवून आणली आणि दारावर ठोकली. 'घर विकणे आहे.' त्याची बायको सरुबाई आत भाकरी थापत होती. तिला वाचता येत नव्हतं. पाटीवर काय लिहिलंय ते तिला शेजारणीने सांगितलं.

"घर कशापायी विकायचं?" तिने विचारलं.

"हितल्या जागेला भाव आलाय. तुला कळायचं न्हाई."

पहिल्या रविवारी खडकीहून एक बँकेतला कारकून बायकोला घेऊन आला. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं, पत्र्यांकडे बघून मान हलवली, जणू आयुष्यभर पत्रेच तपासत आला होता. निघताना म्हणाला, "बघा जयसिंगराव, तुम्ही म्हणाल तसं. शेवटी घर तुमचं."

एवढंच. त्याने घर घेतलं नाही, पुन्हा तो फिरकलाही नाही. पण त्याला बसच्या थांब्यापर्यंत सोडून जयसिंग परत आला तो वेगळ्याच चालीने. इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस त्याला राव म्हणाला होता आणि त्याच्या मर्जीसाठी थांबला होता. त्या दिवसापासून जयसिंग रविवारची वाट बघायला लागला.

रविवार त्याचा आणि राबायचं सरुबाईने. शनिवारपासून घरात बोंबील बंद, कारण वास मागे राहतो. दोरीवरचे कपडे सकाळीच काढायचे. पिठाचे डबे, तिखटाची बरणी, गोधड्या, सगळं कॉटखाली सारायचं. या घरात माणसं राहतात याची खूण दिसता कामा नये, असा एकूण हुकूम. बाकी हुकूम सोडायला त्याला घर ही तेवढी एकच जागा होती.

आणि येणारे तरी कोण? अर्ध्यांची घर घ्यायची ऐपत नव्हती आणि उरलेल्यांची दानत. रविवारी दुपारी करमत नाही म्हणून फुकटच्या चहाला आलेली माणसं. बायका सरळ स्वयंपाकाच्या खोलीत शिरून डब्यांची झाकणं उघडत. घर घ्यायला आलेल्याला दुसऱ्याच्या डब्यात डाळ किती उरलीय ते कशाला बघायचं असतं, देव जाणे. एकीने कोनाड्यातल्या देवांकडे बोट करून विचारलं, "हे तुम्ही घेऊनच जाणार ना?" एकाचं पोरगं गादीवर मुतलं. आईबाप हसले, त्यांच्याबरोबर जयसिंगही हसला आणि म्हणाला, "असू द्या, घर तुमचंच हाय." गादी धुतली सरुबाईने.

भादव्यात सरुबाई तापाने फणफणली. रविवारी सकाळी ती कॉटवर गोधडी घेऊन पडली होती. जयसिंगने सदऱ्याची बटणं लावता लावता तिच्याकडे पाहिलं.

"जरा मागं जाऊन बस."

"उभं राहवत न्हाई मला."

"बसायचंच हाय की. हितं कुणी पडलं म्हंजे खोली बारकी दिसती."

ती गोधडी गुंडाळून मागच्या बाजूला गेली आणि धुण्याच्या दगडावर बसली. भिंतीपलीकडून तिला नवऱ्याचा आवाज येत होता. उजेड कसा येतो, वारा कसा खेळतो, हे तो कुणाला तरी समजावत होता.

त्या दिवशी आल्या होत्या सुमनताई. दापोडीला शाळेत शिकवायच्या, म्हाताऱ्या वडिलांबरोबर भाड्याने राहायच्या. त्यांनी भिंतीवर टकटक केलं नाही. मोरी कुठे आहे म्हणून विचारलं आणि मागचं दार उघडलं.

"अहो, तुम्ही इथे उन्हात काय करताय?" त्यांनी सरुबाईच्या कपाळाला हात लावला. "अंग भाजतंय तुमचं."

"आत बसलं की खोली बारकी दिसती," सरुबाईने सांगितलं. तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. पण स्वतःच्याच तोंडून ऐकल्यावर तिला ते काय आहे ते कळलं.

सुमनताईंनी तिला धरून आत आणलं, कॉटवर निजवलं आणि तिथेच बसून विचारलं, "हे विकून तुम्ही राहायला कुठे जाणार?"

सरुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पत्र्याकडे पाहिलं. "बघू की," तो म्हणाला.

इतक्या रविवारांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिनेही नाही.

सुमनताईंना घर पसंत पडलं. जयसिंगने सांगितलेल्या किमतीला त्यांनी घासाघीस न करता हो म्हटलं. झाली का पंचाईत. पुढच्या रविवारी त्याने किंमत वाढवली. त्यांनी तीही मान्य केली. मग त्याला आठवलं की पितृपक्ष चालू आहे. मग थोरल्या भावाला विचारायला हवं होतं, त्याच भावाला, ज्याने याला कधी काही विचारलं नव्हतं. मग दसरा होऊ द्या. सुमनताई दर वेळी यायच्या आणि म्हणायच्या, "जयसिंगराव, आता तरी नक्की ना?" आणि दर वेळी याची मान कोंबड्यासारखी वर व्हायची.

दसऱ्यानंतर त्या वडिलांना घेऊन आल्या. म्हातारे काठी टेकत, धापा टाकत आले होते. सरुबाई आता बरी झाली होती. तिने चहा आणला, सगळ्यांना दिला, आणि रविवार असूनही बाहेरच्या खोलीत कॉटवर बसली.

"ताई, तुमी दुसरीकडं घर बगा. ह्यांना हे विकायचं न्हाई. ह्यांना नुसतं दाखवायचंय."

"तू मधी बोलू नको," जयसिंग म्हणाला.

"बरं, मग तुमी बोला. कवा विकताय?"

म्हाताऱ्यांनी सावकाश चहा संपवला, कप खाली ठेवला. "चहा छान झालाय, बाई," ते म्हणाले आणि उठले. पुढे त्या बापलेकींनी सांगवीला घर घेतलं आणि सुखाने राहिले.

पुढच्या रविवारी सरुबाईने भर दुपारी बोंबील भाजले. तरीही जो आला त्याला तिने स्वतः घर दाखवलं: पावसात कुठे गळतं, कुठली भिंत पाझरते, घूस कुठून येते. दिवाळीनंतर येणारे आटले.

एवढ्यावर माणूस शहाणा व्हावा. जयसिंग झाला नाही. आता तोच रविवारी पांढरा सदरा घालून लोकांची घरं बघायला जाऊ लागला. सांगवी, औंध, दापोडी. भिंतींवर टकटक करायची, पत्र्यांकडे बघून मान हलवायची, चहा प्यायचा, 'बघतो' म्हणायचं. खिशात बसच्या तिकिटापुरते पैसे आणि तोंडाने दोनमजली घरांचे सौदे. सरुबाईला वाटायचं, मित्राकडे पत्ते खेळायला जातो.

मग एका दुपारी, जयसिंग पाळीवर असताना, सांगवीचे यशवंतराव घर विचारत विचारत दारात आले. त्यांना घर विकून मुलाकडे नाशिकला जायचं होतं.

"जयसिंगराव कुठे आहेत? 'माझं नक्की समजा' म्हणाले, म्हणून मी दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं. महिना झाला, पत्ता नाही."

सरुबाईने त्यांना पाणी दिलं. लाजेने तिचे कान तापले होते, पण तिने आडपडदा ठेवला नाही. "ते घेणार न्हाईत. आमची तेवढी ऐपतच न्हाई."

"मग आले कशाला होते?"

"तुमी त्यांना राव म्हणला असाल."

यशवंतरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हटलं होतं," ते म्हणाले.

संध्याकाळी जयसिंग आला तेव्हा तिने त्याला सायकल लावू दिली नाही. "सांगवीला चला. मीबी येते." तो आधी चिडला, मग डोकं दुखतंय म्हणाला, मग निमूट चालायला लागला.

यशवंतरावांनी दार उघडलं, पण बाजूला झाले नाहीत. "काय ते इथेच बोल," ते म्हणाले. जयसिंग पायरीखाली उभा राहून चुकलं म्हणाला. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं.

दोघं परतीच्या वाटेला लागली. मग तो म्हणाला, "पाणीसुदिक विचारलं न्हाई त्यानं."

"कशाला विचारंल?" सरुबाई म्हणाली, आणि पाय उचलून त्याच्या पुढे चालू लागली.