गंगाधरकाकांनी लिहिलेला आकडा

गंगाधरकाका कुठेही गेले की आधी लांब उभे राहत. कुरुंद्यात हळद शिजायला लागली की आम्ही सगळे कढईभोवती गोळा व्हायचो, काका मात्र बांधावर. तिथून ओरडायचे, "ए, वाफेत काहून उभा हाईस? किती मिनिटं झाली तुला?" ज्याला विचारलं तो गोंधळून जाई, कारण वाफेत उभं राहायला आजवर कुणी घड्याळ लावलं नव्हतं. काकांचं म्हणणं एकच असे, "जवळ थांबायचं तर कमी थांबावं. जास्त थांबायचं तर लांब थांबावं. दोन्ही जमत न्हाई, तर मधी भिंत घालावी." हा नियम ते हळदीला लावत, लग्नातल्या डीजेला लावत आणि निवडणुकीत दारी आलेल्या उमेदवारालाही लावत. उमेदवाराच्या बाबतीत ते थेट भिंतीवर येत, म्हणजे दार लावून घेत.

नियम त्यांचा नव्हता, नोकरीचा होता. एका अणुवीज प्रकल्पात कामगारांच्या अंगावर किरणोत्सर्ग किती पडतो ते मोजायचं आणि कुणाला किती वेळ आत सोडायचं ते ठरवायचं, यात त्यांची उभी हयात गेली; गावी येत ते सुटीपुरतेच. गाव मात्र काका अणुबॉम्ब बनवतात असंच धरून चाललं होतं. सुरुवातीला त्यांनी खुलासे केले, मग सोडून दिले. बॉम्ब बनवणाऱ्याला एसटीत बसायला जागा मिळते, नुसतं मोजणाऱ्याला कोण देतो?

मी आयटीआय करून फिटर झालो आणि त्यांच्याच ओळखीनं तिथल्या एका ठेकेदाराकडे लागलो. अधूनमधून संयंत्र बंद ठेवून आतली दुरुस्ती करत, त्या दिवसांपुरतं काम. पहिल्या दिवशी काकांनी माझ्या छातीवर एक छोटा बॅज लावला. "दत्ता, तुझ्या अंगावर जे पडंल ते याच्यावर बी पडंल. याला सोडून आत जायचं न्हाई." चेहरा असा गंभीर, की मला वाटलं हे माझं लग्नच लावून देत आहेत.

पण आमच्या खोलीवर वेगळीच अक्कल चालायची. बॅजवरचा आकडा ठरलेल्या मर्यादेला टेकला की माणसाला त्या वर्षापुरतं आतल्या कामावरून काढत. म्हणून काही जुनी मंडळी बॅज बाहेरच ठेवून आत जात. अंगावर पडायचं ते पडेच, फक्त कागदाला पत्ता लागत नसे. मला ही फार मोठी हुशारी वाटली. वरून डगला घातला की छातीवर काय आहे ते दिसत नसे, त्यामुळे पंधरा दिवस माझा बॅज बाहेर जेवणाच्या डब्यात, भाकरीच्या फडक्याखाली सुखरूप राहिला. माझ्यासाठीचं सगळं संरक्षण भाकरीला मिळालं.

बॅज मोजून झाले आणि काकांनी मला बोलावलं.

"माझ्या हापिसातला चहावाला तुझ्यापेक्षा जास्त किरणं खाऊन राहिला. कसं काय रे?"

"माझी तब्येत चांगली हाय, काका."

"तुझ्या बराबर उभ्या राहिलेल्या गड्याचा आकडा बघ अन् तुझा बघ. किरणं काय सोयरीक बघून पडतेत का?"

मग त्यांनी कागद घेतला. कुठल्या दिवशी, कुठल्या पाइपापाशी, किती पावलांवर, किती मिनिटं? दुपार सरली तरी प्रश्न सरेनात. मला निम्मं आठवत नव्हतं. आठवेना तिथं त्यांनी सगळ्यात वाईट धरलं, आणि आठवलं तिथंही. "तू धा म्हणतूस, मी वीस धरतो. तुझ्यावर भरवसा ऱ्हायला न्हाई." असं धरत धरत आकडा मर्यादेला टेकला आणि मी गावाकडच्या गाडीत बसलो. गावात सांगितलं, काम संपलं. काकांशी बोलणं बंद केलं.

दोन वर्षांनी काका निवृत्त होऊन कुरुंद्याला आले, नेमकं तेव्हाच माझं लग्न जवळा बाजारच्या सविताशी ठरत आलं होतं. कुणीतरी तिच्या वडिलांच्या कानावर घातलं की अणूत काम केलेल्या माणसाला लेकरं होत नाहीत. ते मला घेऊन तडक काकांच्या ओसरीवर. मी नजरेनंच काकांचे पाय धरले.

"पोराला काही तकलीफ न्हाई," काका म्हणाले. "मी सगळं वाढवून धरलं, तरी लेकराबाळांच्या आड येईल असं काही निघालं न्हाई. पण ह्यानं बॅज डब्यात ठेवला व्हता. पोरगं खोटं बोलतंय. त्याचा धोका किती, ते मोजायचं यंत्र माझ्यापाशी न्हाई."

लग्न मोडलं असं समजून मी चपला शोधू लागलो. तर सविताचे वडील म्हणाले, "मग जमलं. जो माणूस गावच्या पोराला बी झाकत न्हाई, त्याचं 'तकलीफ न्हाई' खरंच असणार." लबाडीच्या दाखल्यावर लग्न जमलेला जिल्ह्यात मी एकटाच असेन. सासऱ्यांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, सवितालाही सांगितली नाही. मला दोन मुली झाल्या, आणि काकांशी बोलणं मीच सुरू केलं. माझ्याबद्दल इतकं वाईट धरून माझं इतकं भलं करणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात काका हृदयविकारानं गेले. मला वडील गेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी ओसरीवर माणसं बसली होती. एक जण हळहळून म्हणाला, "अणूनंच खाल्लं शेवटी." चार माना हलल्या. आतल्या दाराशी काकू बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मला राहवलं नाही.

"काही अणूनं खाल्लं न्हाई," मी म्हणालो. "त्यांच्या सगळ्या नोकरीचा आकडा त्यांनी दाखवला तवा मी सोता बघितलाय. मर्यादेच्या जवळ बी कधी गेला न्हाई. काकांनी बॅज एक दिवस सोडला न्हाई."

"अन् तुझा किती रे?" त्यानं विचारलं.

सासरे माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होते. काकूंशेजारी सविता होती, दोन्ही मुली तिला टेकून बसल्या होत्या. 'थोडासाच' असं म्हणून सुटता आलं असतं. तपासायला आता कुणी उरलं नव्हतं.

"माहीत न्हाई," मी म्हणालो. "काकांनी अंदाजानं लिहिला. मी बॅज डब्यात ठेवून आत जात व्हतो."