बाबांचा न आलेला भाचा

माझे बाबा खोटं बोलले होते.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. अशा दिवशी लेकीनं असलं काही लिहू नये, हे आईनं सकाळपासून मला दोनदा ऐकवलंय.

पण बाबांनीच ते खोटं अख्ख्या थिएटरला दाखवलं. मग मी इथे कशाला लपवू?

मी दहावीत होते. हैदराबादेत हिमायतनगरच्या आमच्या घराची वरची खोली भाड्यानं द्यायची होती. एक माणूस बघायला आला. गल्लीच्या टोकाला चष्म्याचं दुकान आहे, तिथे नुकताच कामाला लागलेला. बायको, म्हातारी आई, एवढाच संसार.

बाबांनी बसवलं. मी आलं ठेचून चहा केला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग बाबांनी नाव विचारलं.

"फिरोज."

बाबांचं हसू तसंच राहिलं. "और एक चाय लो," म्हणाले. आणि मग, "अरे, आपकू बोलनाच भूल गया. पुणे से मेरा भांजा आरा. कमरा उसके वास्ते रखना पडता."

फिरोजभाईंनी चहा संपवला, कप ट्रेमध्ये ठेवला, सलाम केला आणि गेले.

"बाबा, कुठला भाचा?"

"अभ्यासाला बस."

बाबांना बहीण नाही. सख्खी नाही, चुलत नाही, मावस नाही. आई तर एकुलती एक.

त्यानंतर बाबा चष्मा बदलायला लांब कोटीच्या बाजारात जायला लागले. गल्लीत दुकान असताना! पंधरा वर्षं. आम्हाला वाटायचं, त्यांना फिरायची हौस.

बाबांनी इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत आयुष्यभर तोंडाला रंग फासला. बँकेतून रिटायर झाल्यावर त्याच जोरावर त्यांना एका सिनेमात काम मिळालं. जुन्या काळचं हैदराबाद. गिरणी बंद पडलेली, नवरा-बायको आणि दोन पोरं ट्रंक घेऊन खोली शोधत फिरतायत. मुसलमान आहेत म्हणून कुणी देत नाही.

बाबा एका सीनपुरते घरमालक.

बीपीच्या गोळ्या घेऊन मी सोबत गेले होते, त्यामुळे हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

स्क्रिप्टमध्ये घरमालक शिव्या देतो आणि ट्रंक रस्त्यावर फेकतो. बाबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि डायरेक्टरबाईंना म्हणाले,

"मॅडम, ऐसा कोई नै करता."

"तो कैसा करते अंकल?"

"चाय पिलाते."

सगळं युनिट हसलं. बाबा हसले नाहीत.

"करके दिखाइए."

बाबांनी करून दाखवलं. माणसाला बसवलं, पोरांच्या हातावर बिस्किटं ठेवली, चहा मागवला, नाव विचारलं. हसू तसंच ठेवलं. "और एक चाय लो. अरे, आपकू बोलनाच भूल गया..."

मॉनिटरमागे माझे कान गरम झाले.

एकच टेक. कट झाला. समोरचा नट खरोखरच मुसलमान होता. कप हातात धरूनच तो म्हणाला, "अंकल, मेरेकू पिछले महीने यहीच बोले. भांजा आरा बोलके."

आणि म्हणे जुन्या काळचा सिनेमा!

परतताना गाडीनं नामपल्ली स्टेशन ओलांडलं. बाबा म्हणाले, "चष्म्याच्या दुकानापाशी थांब. आपल्या गल्लीतल्या."

काउंटरमागे फिरोजभाईच होते. केस पिकलेले. पानभर स्वगत तोंडपाठ म्हणणारा माझा बाप एकेक शब्द जुळवत म्हणाला,

"पहचाने मेरेकू?"

"हौ अंकल. अद्रक की चाय."

"मेरेकू भांजा हैच नै. झूट बोला मैं. तुमारा नाम सुनके बोला. माफ करो."

फिरोजभाईंनी हातातली काच पुसून खाली ठेवली.

"मालूम था अंकल."

एवढंच. गिऱ्हाईक आलं, ते तिकडे वळले. त्या दिवशी बाबांना माफी मिळाली नाही.

पण वरची खोली सध्या रिकामी आहे आणि ती तुमच्यासाठी आहे, असा निरोप बाबांनी दिला. आई म्हणाली, लोक काय म्हणतील? बाबा म्हणाले, "लोक उद्या मला पडद्यावर बघणारच आहेत. मग काय म्हणायचं ते म्हणू देत."

तीन महिन्यांनी फिरोजभाई बायकोला घेऊन खोली बघायला आले. त्यांची आई तोवर गेली होती. पानी कितने बजे आता? छत पे कपडे डाल सकते? मटन पकाए तो चलता? तोंडी परीक्षेला बसल्यासारखे बाबा उत्तरं देत होते. चहा त्यांनीच केला. आलं जरा जास्तच झालं.

त्याच महिन्यात ते राहायला आले.

पुढे सिनेमा लागला. मंडळातले लोक म्हणायचे, "काय नॅचरल केलंत हो!" बाबा प्रत्येकाला सांगायचे, "अ‍ॅक्टिंग नाही ती. मी खरंच तसं केलंय." काहींचे चेहरे पडायचे. एका काकांनी तर आमच्याकडे गणपतीला येणंच सोडलं. बाबांनी आपलं वाक्य बदललं नाही.

मला अभिमान आहे तो ह्याचा. पडद्यावर वाईट माणूस कुणीही होईल. बाहेर येऊन 'तो मीच' म्हणणारा मी एकच पाहिला, आणि तो माझा बाप होता.

'भाचा' हा शब्द मात्र आमच्या घरात पुन्हा कुणी काढला नाही. चेष्टेतही नाही.

गेल्या वर्षी बाबांना अटॅक आला तेव्हा मी बेंगळुरूला होते. फिरोजभाईंनीच त्यांना उचललं, गाडीत घातलं, हॉस्पिटलला नेलं. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आज कागद आवरताना ती फाइल निघाली. अ‍ॅडमिशनचा फॉर्म फिरोजभाईंच्या बारीक अक्षरात भरलेला. बाबांचं नाव. वय. पत्ता.

पेशंटशी नातं, ह्या रकान्यात एकच शब्द.

नेफ्यू.

बाबा, तुम्हाला हे वाचायला मिळालं नाही, म्हणून इथे लिहिते. तुमचा भाचा आला. वरच्याच खोलीत राहतो.

भरल्या मनानं नमस्कार.