फटिंगच्या पगारातली एक ओळ

पगाराच्या दिवशी माझ्या खाटेभोवती रांग लागते. परदेशात येण्याआधी मी एका कारखान्यात हिशेबनीस होतो, आणि ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात बढाई मारायला म्हणून मी खोलीत सांगून बसलो. तेव्हापासून हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतले आमचे सगळे लोक आपापली पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतात. नवा माणूस असला की ठरलेलं नाटक होतं. चिठ्ठीवरचा सगळ्यात वरचा आकडा बघून तो हरखतो, खात्यात पडलेला आकडा बघून बोंब ठोकतो. मग मी एकेका ओळीवर बोट ठेवतो. हा सरकारचा कर. हा आजारपणाचा विमा, आजारी पडलास की कळेल कशासाठी ते. हा म्हातारपणाचा फंड, तोवर टिकलास तर मिळेल. हे या खोलीचं भाडं, ही चार खाटा, दोन शेगड्या आणि समोरची भिंत दाखवणारी खिडकी. उरलं ते तुझं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वरचा आकडा सोयरिकीच्या बैठकीत सांगायचा आणि खालच्यात महिना काढायचा.

या रांगेत फटिंग कधी उभा राहिला नाही. तो चिठ्ठी न बघताच दुमडायचा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "कापणारे कापणारच. बघून काय वाढणार आहे?"

फटिंग म्हणजे सडाफटिंग. पंचेचाळिशी ओलांडली तरी बिनलग्नाचा, म्हणून खोलीतल्या टवाळांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तसा तो आला होता दोन वर्षांसाठी, परत जाऊन लग्न करायचं या बोलीवर. मग बहिणीचं लग्न निघालं. त्याचं कर्ज फिटेस्तोवर घराचं छप्पर गेलं. छप्पर झालं तर आईचं ऑपरेशन. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशातली गत. दर वर्षी तो म्हणायचा, "या वर्षी एवढं उरकू दे." दर वर्षी काहीतरी उरकायचं आणि हा तिथेच राहायचा.

त्याचं काम रोलरवर. ओल्या चादरीची दोन टोकं दोघांनी धरायची, ताणायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात सरळ घालायची. पलीकडून ती कडक होऊन बाहेर पडते, तोवर पुढची. दिवसभर उभं राहायचं, वाफेत. त्याच्या हातांवरची लव केव्हाच जळून गेली होती. चादर हातात आली की तो अंगठा आणि बोट तिच्या दुमडीवरून फिरवायचा. त्या घाईत कुणाला सुचेल हे? पण तो शिंप्याचा मुलगा. "कच्ची शिवण," एवढं म्हणायचा आणि चादर आत सोडायचा.

गेल्या थंडीत एका पगाराच्या दिवशी तो पत्र्याचा डबाच घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसला. बसताना गुडघे धरून बसला.

"मला आता जायचंय," तो म्हणाला. "कायमचं. गुडघे संपले माझे. कर्जातलं थोडं राहिलंय, तेवढं फेडून तिकीट काढायचं. कधी जमेल, हिशेब करून सांग."

मी चिठ्ठ्या खाटेवर पसरल्या. काम तेच, पगार तोच, आणि तरी कराच्या ओळीत याचं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कापलं जात होतं. कारण सरळ होतं. कामावर लागताना भरलेल्या माझ्या कराच्या फॉर्मवर बायको आणि दोन मुलं होती. याच्या फॉर्मवर लिहिलं होतं : एकटा, कुणीही अवलंबून नाही.

"गाढवा," मी म्हणालो, "आईवडलांना तू पोसतोस ना? मग हे काय लिहिलंस?"

"एजंटने भरला होता. सही कर म्हणाला, केली."

दुसऱ्या दिवशी मी त्याला पगार खात्यात घेऊन गेलो. तिथल्या बाईला आम्ही कात्रीबाई म्हणतो, पण खरं तर कापते ती बिचारी नव्हे, ती नुसतं लिहिते. तिने शांतपणे सगळं सांगितलं. आईवडील मुलाच्या पैशावर जगत असतील तर त्यांची नावं घालता येतात. पुढची कपात कमी होते. शिवाय मागच्या काही वर्षांचा जादा कापलेला कर परत मिळतो, मात्र अर्ज या महिनाअखेरच्या आत यायला हवा. मी तिथेच तिच्या टेबलावर आकडेमोड केली. परत मिळणाऱ्या पैशात उरलेलं कर्ज आणि तिकीट, दोन्ही बसत होतं. फटिंग उन्हाळ्यात घरी गेला असता. नाहीतर अजून दोन-तीन वर्षं रोलर.

"एवढंच करा," बाईने एक कागद पुढे केला, "वडलांची सही आणा."

कागदावर लिहिलं होतं : माझं स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही. मी माझ्या मुलाने पाठवलेल्या पैशांवर जगतो.

"फक्त आईची चालेल?" फटिंगने विचारलं.

"तिचे यजमान आहेत, त्यांचं दुकान आहे असं तुम्हीच सांगितलंत. मग ती त्यांच्यावर अवलंबून धरली जाते. आधी त्यांनी लिहून द्यायला हवं."

बाहेर आल्यावर आम्ही बसची वाट बघत उभे राहिलो. बस थांब्यावर आली, गेली. मग त्याने सांगितलं. त्याच्या वडलांचं, आप्पांचं शिलाईचं दुकान अजून रोज उघडतं. तयार कपड्यांनी गिऱ्हाईक नेलं, मोतीबिंदूने नजर नेली, आता फार तर कुणाची चेन बदल, कुणाची पॅन्ट आखूड कर. पण शनिवारी ते गल्ल्यातल्या नोटा मोजून आईच्या हातावर ठेवतात, आठवड्याचा खर्च म्हणून. आई त्या कपाळाला लावून घेते. त्या नोटांत दूधसुद्धा भागत नाही. बाकीचं घर चालतं फटिंगच्या पैशावर. आणि आप्पा चारचौघांत सांगतात, "आमची ही म्हणजे लक्ष्मी. एवढ्याशात घर चालवते. आजवर कुणाचं खाल्लं नाही आम्ही, पोराचंसुद्धा नाही."

"मग तू पाठवतोस ते कुठे जातं असं वाटतं त्यांना?"

"बँकेत साठतं. माझ्या लग्नासाठी."

मला राग आला. खरं सांगायचं तर त्या म्हाताऱ्याचा आला. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. मी तसं बोलून दाखवलं. फटिंग म्हणाला, "सोंग असेल. नसेलही. वीस वर्षांत विचारायची हिंमत झाली नाही."

पण गुडघे सोंग घेत नव्हते. त्या आठवड्यात तो दोनदा रोलरपाशी खाली बसला. मुकादमाने एकदा दुर्लक्ष केलं, दुसऱ्यांदा केलं नाही. त्या संध्याकाळी त्याने आईला फोन लावला.

"त्यात काय एवढं," आई म्हणाली. ती इतकी मोठ्याने बोलते की खोलीला सगळं ऐकू येतं. "त्यांना बारीक अक्षर दिसतंय कुठे? मी बोट ठेवीन तिथे सही करतील. तू कागद धाड."

"काय सांगशील त्यांना?"

"बँकेचा आहे म्हणेन. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा. मी इतकी वर्षं झाकली, आणखी एकदा झाकते. तू ये फक्त. मला तुला बघायचंय रे."

फटिंगने भिंतीकडे तोंड केलं. आम्ही उगाचच शेगडीशी खुडबुड करत राहिलो.

चार दिवसांत सही केलेला कागद फोनवर आला, मूळ प्रत टपालात टाकली होती. मी खूश झालो. सही मोठी, ठसठशीत, कापडावर खडूने खूण करावी तशी एका दमात ओढलेली होती. खाली स्वतःहून 'टेलर मास्टर' असंही लिहिलं होतं.

मूळ कागद हातात पडला त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत आप्पांचा फोन आला. ते स्वतः फोन करत नाहीत. आम्ही दोघं गाड्यांवर रचलेल्या मळक्या चादरींच्या आडोशाला बसलो होतो. यंत्रांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"काय रे, पोचला का कागद?"

"हो आप्पा."

"तुझी आई काही नीट सांगत नाही. बँकेचा आहे म्हणाली. मी म्हटलं, पोराचे पैसे आहेत, त्याला सोडवून घ्यायचे असतील. म्हणजे ठरलं का काही तुझं?"

फटिंग शेजारच्या चादरीची दुमड बोटांनी चाचपत राहिला.

"असू दे, नको सांगू आत्ताच. पण तुझं कापड आहे माझ्याकडे. तू गेलास त्या वर्षी घेऊन ठेवलंय, कोटाचं. दर वर्षी उन्हात घालतो, कसर लागू दिली नाही. नजर गेली तरी हात चालतो माझा. तेवढं माप पाठव. आता पूर्वीचं चालायचं नाही. परदेशात राहून अंगावर चढलं असेल तुझ्या."

"पाठवतो," फटिंग म्हणाला.

"आणि हे बघ, शिलाई घेणार नाही मी. माझ्याकडून तुला एवढंच. बाकी लग्नाचा खर्च तुझा तूच साठवलायस, बाबा."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही पगार खात्यात गेलो. कागद त्याच्या खिशात होता, मी स्वतः बघितला होता. कात्रीबाईने हात पुढे केला.

"आणलात?"

"नाही," फटिंग म्हणाला.

मला वाटलं तिची भाषा त्याला कळली नाही. मी त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. त्याने माझा हात बाजूला केला.

"म्हणजे पूर्वीचंच ठेवू? तुमच्यावर कुणी अवलंबून नाही?"

"नाही. मी एकटाच."

तिने लिहिलं. परत येताना वाटेत मी त्याला वाट्टेल ते बोललो. मूर्ख म्हणालो, भेकड म्हणालो, म्हाताऱ्याच्या एका कोटापायी तीन वर्षं वाफेत घालवणार का म्हणून विचारलं. तो ऐकत होता, गुडघा सांभाळत चालत होता.

"चार वेळा मोजल्याशिवाय ते कापडाला कात्री लावत नाहीत," शेवटी तो म्हणाला. "आणि माझ्यासाठी न वाचता सही केली. ती मी तिथे देऊ? मी त्यांचा मुलगा आहे म्हणून त्यांनी केली, आणि त्यात लिहिलंय की ते माझं खातात."

"पण ते खरंच आहे ना?"

"खरं आहे." तो थांबला. "इतकी वर्षं मला ती कराची ओळ कशाची आहे हेच ठाऊक नव्हतं, तेव्हा ती टोचायची, म्हणून बघायचोच नाही. आता ठाऊक आहे. कापू दे."

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. त्याच्या आईचा आवाज माझ्या कानातून जात नाही. पण त्या संध्याकाळी खोलीवर आल्यावर त्याने शिवणखात्यातून मागून आणलेला टेप माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात किंचित वर करून उभा राहिला, तेव्हा मी निमूटपणे उठलो. खांदे मोजले. बाही मोजली. छातीभोवती टेप फिरवला आणि दोनदा बघितला. चाळिशीतल्या माणसाची नव्हेच ती छाती. डब्यात तो इथे आला त्या वर्षीचं त्याचं जुनं माप होतं, आप्पांच्या अक्षरातलं, जपून ठेवलेलं. त्यापेक्षा बरीच कमी भरत होती.

"किती?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने हात खाली घेतले. मी कागद पुढे ओढला आणि मनाशी म्हटलं, जुन्यापेक्षा जरा वाढवूनच लिहावं, म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटेल. इतकं झाकलं, त्यात हे एक. मी पहिला आकडा लिहिला तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं.

"ते नको," तो म्हणाला. "माप खरं लिही. ते शिवणार आहेत."