राक्षसाला पितळेचा पाट

वर्कशॉपमधलं भंगार दर महिन्याला विकलं जातं. किस्से मात्र कुणी घेऊन जात नाही, ते साचत राहतात. आमच्याकडे तर इतके साचलेत की चार-पाच सांगून टाकल्याशिवाय जागा व्हायची नाही!

सेलूत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे वामनदादांचं वर्कशॉप आहे. पूर्वी तिथे जिनिंगच्या मशिनी दुरुस्त व्हायच्या. आता आम्ही स्टँड करतो. पुण्याकडे चांगली मोठी माणसं टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक नि राक्षस मांडून गेम खेळतात, त्यांच्या पायाखालचे स्टँड. खाली वजनाला लोखंडाची चकती, वर दिसायला पितळेचा पत्रा, मध्ये कथील. या जोडाला आम्ही डाग म्हणतो. मी पॉलिशला असते, अधूनमधून डागही देते.

एकदा माझी आई बोरीहून वर्कशॉप बघायला आली होती. टेबलावर नमुन्याचा राक्षस स्टँडवर उभा होता. आईने चष्मा लावून त्याला शिंगांपासून नखांपर्यंत बघितलं.

"सुनिते, आपले देव लाकडाच्या पाटावर बसलेत. आन ह्याला पितळेचा?"

मी राक्षस उचलून कपाटात ठेवला. आई बोरीला परत गेल्यावरच बाहेर काढला.

*

सुरुवातीला वामनदादा नांगर जोडावा तसे स्टँड जोडायचे. वरून गॅसच्या बंबाची ज्योत धरली की पितळेचा पत्रा पापडासारखा वाकडा व्हायचा, खालची चकती मात्र गारच! मग त्यांनी रज्जाकभाईंना बोलावून आणलं. रज्जाकभाई आयुष्यभर गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचे. घरोघर स्टीलची भांडी आली आणि त्यांचं काम गेलं. चार वर्षं ते घरी नुसते बसून होते.

त्यांनी वाकलेला पत्रा बघितला आणि बंब चकतीच्या खाली धरला.

"जाड्याला भूक उशिरा लागते जी. त्याला आधी वाढा."

त्या दिवसापासून ते आमच्यातच आहेत.

*

एकदा आमचा माल घेणाऱ्या पुण्याच्या साहेबांनी हलके स्टँड मागितले, खाली लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम. आम्ही तिघांनी दोन दिवस झटापट केली. कथील त्यावर गोळ्या होऊन पळायचं. शेवटी रज्जाकभाई हात पुसून उठले. "त्याला सोयरीक करायचीच न्हाई. जबरदस्ती कायला करायलाव?"

वामनदादांनी साहेबांना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ऑर्डर पुन्हा लोखंडाची आली.

*

भज्यांचा किस्सा तर सगळ्या मोंढ्याला माहीत आहे. एका दुपारी आम्ही भजी खाल्ली आणि हात फडक्याला पुसून कामाला लागलो. संध्याकाळपर्यंत अकरा स्टँड सुटले! तेलकट बोट लागलं की तिथे कथील धरत नाही. वामनदादांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहिली: "भजी खाल्लेल्यांनी पितळेला हात लावू नये." वर आम्हाला ऐकवलंही, "तीस वर्षांत माझ्या हातचा डाग सुटला न्हाई!" तेव्हापासून चूक कुणाची ते कळावं म्हणून प्रत्येकाने आपलं अक्षर स्टँडखाली कोरायचं असं ठरलं. मी स, रज्जाकभाई र, वामनदादा व.

*

आता शेवटचा. रज्जाकभाईंना ऐकू फार कमी येतं. तरी तयार माल तेच तपासतात. स्टँडची कड दाताला लावायची आणि नखाने टिचकी मारायची. जोड पक्का की कच्चा, त्यांना दातात कळतं. साहेबांना हे कळलं तेव्हा ते वैतागले. "म्हातारा बहिरा आहे, आणि माल तो पास करतो? मी मशीन आणि माणूस पाठवतो."

मला फार वाईट वाटलं. रज्जाकभाईंचे हात हल्ली थरथरतात, डाग त्यांना जमत नाही. तपासणी गेली की ते परत घरी बसणार, हे मला नि वामनदादांना दोघांनाही माहीत होतं. वामनदादा म्हणाले, "साहेब, एकदा येऊन बघा, मग ठरवा."

साहेब आले. आमच्या अठरा स्टँडमध्ये त्यांनी मुद्दाम कच्चे जोडलेले दोन मिसळले आणि रज्जाकभाईंसमोर ठेवले. रज्जाकभाईंनी एकेक दाताला लावला, टिचकी मारली, आणि तीन बाजूला काढले.

"मी दोनच मिसळले होते," साहेब म्हणाले, आणि बॅग उचलली.

वामनदादांनी तिसरा स्टँड उचलून उलटा केला. खाली बघितलं. मग त्यांनी स्वतःच तो शिकंज्यात आवळला आणि छिन्नीवर एक हातोडा मारला. पत्रा अलगद निघाला. आत कथील सगळीकडे पसरलेलं, मधोमध तेवढ्या कोऱ्या पितळेवर अंगठ्याचा ठसा!

साहेबांनी बॅग खाली ठेवली. "हा कुणी केलाय?"

मी खाली कोरलेला व बघितला आणि मान खाली घातली.

"एक नवीन मानूस हाय," वामनदादा म्हणाले. "शिकायलाय अजून."

एरवी रज्जाकभाईंना कुठलीही गोष्ट तीनदा सांगावी लागते. ही त्यांनी पहिल्या फटक्यात ऐकली.

"हौ जी," ते साहेबांना म्हणाले. "हात बरा हाय त्याचा. ठेवून घ्या."