सईदाबाई उभ्या राहतात

शिकवता शिकवता सईदाबाई अचानक डस्टर टेबलावर आपटायच्या. अख्खा वर्ग दचकायचा. मग त्या शांतपणे म्हणायच्या, "आता छातीवर हात ठेवा. त्याले धावायले कोणी सांगतलं? तुम्ही?" आम्ही नकारार्थी माना हलवायचो. धडधड ओसरली की पुढचा प्रश्न यायचा, "अन् आता त्याले आवरलं कोणी?" काही मज्जातंतू हृदयाला पळवतात, काही आवरतात, आणि कोणीच आपल्याला विचारत नाही, हे नागभीडच्या आमच्या शाळेत आम्ही असं शिकलो.

माझं गाव दूर, वाट जंगलातली. एका सकाळी नाल्याजवळ वाघ आडवा गेला. मी सायकल धरून तिथेच थिजले. शाळेत पोचले तरी हातपाय कापत होते, तोंड कोरडं पडलं होतं. पोरं हसली. "मी भित्री आहो बाई, उद्यापासून नाई येत," मी म्हणाले.

"भित्री काऊन?" बाई म्हणाल्या. "हृदय जोरात धावलं, रक्त पायाकडे गेलं. शरीरानं तुले पळाची तयारी करून देल्ली. त्यानं त्याचं काम केलं, आता तू तुह्यं कर." संध्याकाळी त्या माझ्यासोबत गावात आल्या. बाबांशी बोलल्या आणि दहावीपर्यंत मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

निवृत्तीनंतर त्या सावली गावी मुलीकडे राहायला गेल्या. मी गडचिरोलीला नोकरीला होते, तिथून सुट्टीत त्यांना भेटायला जायची. जुन्या मधुमेहाने त्यांचे तेच मज्जातंतू निकामी होत चालले होते. उभ्या राहिल्या की रक्तदाब घसरायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. "उभं राह्यलं का रक्त पायात उतरते," त्या मला समजावत. "तुह्या रक्तवाहिन्या लगेच आवळतात, हृदय वेग वाढवते. माह्या शरीरात आता निरोपच पोचत नाई." सांगताना आवाज वर्गातलाच असायचा.

शेवटच्या भेटीत मी निघाले तशा त्या खाटेवर उठून बसल्या. "अम्मी, पडशील!" मुलगी ओरडली.

"घाई नाई करत मी."

पाय खाली सोडून त्या बराच वेळ पंजे हलवत राहिल्या. मग माझा खांदा धरून उभ्या झाल्या. चेहरा पांढरा पडला, बोटं माझ्या खांद्यात रुतली. हळूहळू रंग परतला. "चाल," त्या म्हणाल्या.

फाटकाला धरून त्या बस येईपर्यंत थांबल्या. मी खुर्ची आणायला वळले तर रागावल्या.

"पोरगी घरून चालली. बसल्या बसल्या कशी पाठवू तिले?"